फक्त चष्म्यासाठी

मार्लीन : …काचच चुकीची बसवलीय रे, दुसरं काही नाही. उजव्या डोळ्याची. खालचा वाचायचा भाग इतका वर आणून ठेवलाय की माझ्या शाळेच्या बसच्या पायऱ्या दिसायच्या बंद झाल्यात. पोरं चढतात ती मला कमरेपासून वरच दिसतात. खाली नुसतं मळकट.

डॉक्टर : मळकट म्हणजे कसं, मिसेस कुबिचेक? धूसर, की काळं?

मार्लीन : मळकट म्हणजे मळकट. भांडी धुतल्यावर पाणी उरतं ना, तसं. आणि मला मिसेस कुबिचेक म्हणायचं तू कधी सोडणार आहेस, रॉय? चाळिशी उलटली तुझी. बाहेर पाटीवर डॉक्टर टेसार लिहिलंय.

डॉक्टर : तुम्ही मला वर्षभर बसमध्ये तुमच्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर बसवलं होतंत. ती सवय जायची नाही.

मार्लीन : नोवाकांच्या मुलीच्या केसांत च्युइंगगम चिकटवल्यावर दुसरं कुठे बसवणार होते? टपावर?

डॉक्टर : चष्मा काढा. हनुवटी इथे टेकवा. हा चष्मा मिळाला तो भस्म बुधवारच्या आधी, ना?

मार्लीन : आदल्याच दिवशी. बुधवारी तो घालूनच चर्चला गेले होते. फादरांनी कपाळाला राख लावली, ती गाडीच्या आरशात एवढी स्पष्ट दिसली की वाटलं, चला, या खेपेला तरी चांगला चष्मा मिळाला.

डॉक्टर : म्हणजे त्या दिवशी नीट दिसत होतं?

मार्लीन : त्या दिवशी, हो.

डॉक्टर : खालचं मळकट त्या दिवशी नव्हतं.

मार्लीन : नव्हतं. ते पुढच्या आठवड्यात सुरू झालं. आधी अगदी कोपऱ्यात, नाकाजवळ. मग वर वर येत गेलं.

डॉक्टर : काच चुकीची असती तर ती पहिल्या दिवशीच चुकीची असती, मिसेस कुबिचेक. काच काही दिवसादिवसाने बिघडत नाही. जुना चष्मा घालून पाहिलात का?

मार्लीन : जुना कुठाय? चर्चमध्ये ती पेटी ठेवलीय ना, वापरलेल्या चष्म्यांची. नवा मिळाला त्याच दिवशी त्यात टाकला. म्हटलं कुणा गरिबाच्या डोळ्याला होईल.

डॉक्टर : आणि चष्मा काढल्यावर? तेव्हाही ते मळकट तिथेच असतं का?

मार्लीन : चष्मा काढल्यावर मला काय दिसतं रे बाबा. माझा नंबर तुला ठाऊक आहे. चष्मा काढला की सगळी दुनियाच मळकट.

डॉक्टर : चष्मा परत घाला आणि डावा डोळा तळहाताने झाका. दाबू नका, नुसता झाका. आता उजव्याने माझ्या नाकाकडे बघा.

मार्लीन : बघतेय.

डॉक्टर : काय दिसतं?

मार्लीन : तुझं कपाळ. केस मागे हटत चाललेत तुझे, बापासारखे.

डॉक्टर : नाक?

मार्लीन : ते असेल खाली कुठेतरी.

डॉक्टर : मी हात धरलाय समोर. बोटं किती आहेत?

मार्लीन : कुठे धरलायस?

डॉक्टर : बरं. हात काढा, चष्माही काढा. मी थेंब घालतोय, बाहुली मोठी करायचे. मान मागे.

मार्लीन : अरे, थेंब नको. तीनला माझी बस आहे. थेंबांनी दोन-तीन तास डोळे दिपतात. मागच्या खेपेलाही मी म्हणूनच नको म्हटलं होतं.

डॉक्टर : माहीत आहे. थेंब नको म्हणालात, आणि आतला फोटो काढूया म्हटलं तर तोही नको म्हणालात.

मार्लीन : फोटोचे एकोणचाळीस डॉलर वर द्यावे लागतात. विम्यात बसत नाही तो.

डॉक्टर : आज थेंब घालणार आहे. वर बघा… मिटा. आता मला नीट सांगा. डोळ्यात वीज चमकल्यासारखं होत होतं का? अंधारात, कडेला?

मार्लीन : …थोडंसं.

डॉक्टर : काळे ठिपके? माशा फिरल्यासारख्या?

मार्लीन : ते तर सगळ्यांनाच दिसतं आमच्या वयात. नवऱ्याला, एल्डनला, तर भिंतभर दिसतं.

डॉक्टर : कधीपासून?

मार्लीन : नाताळानंतर. पहाटे बस गरम करायला बाहेर पडायचे ना, तेव्हा उजवीकडे लखकन व्हायचं. मला वाटायचं शेजारी वेल्डिंग करतोय. मग आठवलं, शेजारी फ्लोरिडाला गेलाय.

डॉक्टर : नाताळानंतर. म्हणजे तुम्ही जानेवारीत या खुर्चीत बसला होतात तेव्हा हे चालू होतं.

मार्लीन : हो.

डॉक्टर : मी तुम्हाला विचारलं होतं. चमका, ठिपके, काही त्रास. मी प्रत्येकाला विचारतो.

मार्लीन : विचारलं होतंस.

डॉक्टर : आणि तुम्ही?

मार्लीन : नाही म्हटलं. म्हटलं, काही नाही, फक्त चष्म्यासाठी आलेय.

डॉक्टर : का?

मार्लीन : कारण मी फक्त चष्म्यासाठीच आले होते.

डॉक्टर : मिसेस कुबिचेक.

मार्लीन : गेल्या वर्षी मी काय म्हटलं होतं, आठवतं? म्हटलं, डोळे जरा चुरचुरतात. एवढंच. बोलायला म्हणून बोलले, थंडी कशी आहे म्हणतात तसं. तू लगेच दिवा लावून बघितलंस, डोळे कोरडे पडलेत म्हणालास. झालं. ती तपासणी चष्म्याची राहिली नाही, आजाराची झाली. चष्म्याचा विमा म्हणाला, आजार आमच्याकडे नाही. आजारपणाचा विमा म्हणाला, आधी वर्षाचे चार हजार स्वतःच्या खिशातून घाला, मग आमच्याकडे या. आणि चष्म्याचा नंबर काढायला मला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं, कारण दोन्ही एका दिवशी करता येत नाही म्हणे. बसचा एक दिवसाचा पगार गेला. एक वाक्य बोलले त्याची ही किंमत.

डॉक्टर : तो नियम माझा नाही.

मार्लीन : मी कुठे म्हणतेय तुझा आहे? पण जीभ माझी आहे ना. ती मी आवरली.

डॉक्टर : तुम्हाला हे कुणी सांगितलं? असं बोलू नका म्हणून?

मार्लीन : कुणी कशाला सांगायला हवं? गावात बायका बोलतात. खाटीकखान्यातल्या बायका, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या. सगळ्यांचा तोच विमा. आत गेलं की काय बोलायचं नाही ते सगळ्यांना पाठ आहे.

डॉक्टर : बाहेर टेबलाशी बसणाऱ्या ग्लेनिसने सांगितलं.

मार्लीन : तिचं नाव घेऊ नकोस.

डॉक्टर : तुम्ही तिची मैत्रीण आहात, म्हणून विचारतोय.

मार्लीन : मैत्रीण आहे म्हणूनच म्हणतेय, नाव घेऊ नकोस. आणि तुला सांगू, मला ते आत लागून राहिलं होतं. खोटं बोलले म्हणून. उपवासाच्या काळात कबुलीजबाब द्यायला गेले तेव्हा फादरांना सांगितलंसुद्धा. म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरशी खोटं बोलले, आणि तो माझ्या बसमधला मुलगा.

डॉक्टर : काय म्हणाले फादर?

मार्लीन : एक जपमाळ ओढ म्हणाले. लहान पाप आहे. डॉक्टरकडे परत जा, असं काही म्हणाले नाहीत. मी माळ ओढली, मन हलकं झालं. संपलं.

डॉक्टर : आता पुन्हा हनुवटी टेकवा. हा दिवा जरा झोंबेल. समोर बघा… वर… डावीकडे वर… आता खाली.

मार्लीन : किती वेळ बघतोयस. तुझ्या बापाला एवढा वेळ लागायचा नाही. चष्मा नाकावर बसवायचे आणि म्हणायचे, चल मार्लीन, कोपऱ्यापर्यंत चालून ये. आपण चालायचं, ते दारात उभे राहून आपली पावलं बघायचे. आणि कुठे अडखळलं की आत नेऊन तिथल्या तिथे काच घासायचे.

डॉक्टर : बोलू नका थोडं. …झालं. मागे टेका. ग्लेनिस. ग्लेनिस, जरा आत या.

ग्लेनिस : आले. डॉक्टर, बाहेर तिघं बसलेत, आणि मिस्टर शिमेक तर अर्ध्या तासापासून… काय झालं?

डॉक्टर : ओमाहाला पडद्याच्या सर्जनना फोन लावा. आजच, आत्ता. म्हणावं, उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय, मधल्या भागासकट. चारपर्यंत पेशंट तिथे पोचेल.

ग्लेनिस : कुणाचा?

मार्लीन : इकडेतिकडे काय बघतेस? खोलीत मीच आहे.

ग्लेनिस : पण ती तर काचेची तक्रार होती. मी काच परत मागवलीय विमा कंपनीच्या कारखान्याकडून. सोमवारी येईल.

डॉक्टर : तुम्हाला यांनी फोन कधी केला होता?

ग्लेनिस : झाले की दहा-बारा दिवस. म्हणाली, खालचा भाग वर आलाय. म्हटलं, आणखी एक. या महिन्यात अशा किती आल्या सांगू? नोवाकबाईंच्या दोन्ही काचा अदलाबदल करून पाठवल्या होत्या त्यांनी. म्हटलं, नवी येईपर्यंत हाच घाल, वापरून सवय होते.

डॉक्टर : मला का सांगितलं नाहीत?

ग्लेनिस : काच बदलायला तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्हीच म्हणालात, चष्म्याच्या तक्रारी टेबलावरच मिटवा. चष्मा बिघडला म्हणून पेशंटला पुन्हा तपासलं तर कंपनी त्याचा एक पैसा देत नाही. तुमचेच शब्द आहेत, डॉक्टर. मी आपल्या मनाने काही करत नाही इथे.

डॉक्टर : आपल्या मनाने करत नाही? मग बाहेर बसल्या बसल्या पेशंटना काय शिकवता तुम्ही? त्रास असेल तर आज बोलू नका म्हणून?

मार्लीन : रॉय, मी म्हटलं ना—

ग्लेनिस : राहू दे, मार्लीन. हो, सांगते. सगळ्यांना सांगते. म्हणते, डोळ्याला काही होत असेल तर आज तोंड उघडू नका, फक्त चष्म्यासाठी आलो म्हणा.

डॉक्टर : तुम्ही डॉक्टर आहात का?

ग्लेनिस : नाही. बिल हातात देते ती मी. तुम्ही आत असता. पॅट शिमेक तिथे उभी राहून पर्स उघडते, बंद करते, पुन्हा उघडते, ते मी बघते. चर्चमध्ये ती माझ्याकडे बघत नाही गेल्या वर्षापासून. तुमच्याकडे बघते. तुम्ही फार भले आहात ना.

डॉक्टर : मी तुम्हाला असं करायला कधी सांगितलं नव्हतं.

ग्लेनिस : नाही सांगितलंत. पण ऐकलं होतंत. गेल्या उन्हाळ्यात मी त्या खाटीकखान्यातल्या मुलीला हेच सांगत होते, आणि तुम्ही या दारात उभे होतात. हातात कॉफी होती. आमची नजरानजर झाली. तुम्ही दार लावून घेतलंत.

मार्लीन : बास. माझ्यासमोर भांडू नका. थेंबांनी मला धड दिसत नाहीये, निदान ऐकायला तरी बरं काही बोला.

डॉक्टर : फोन लावा, ग्लेनिस.

ग्लेनिस : लावते. इथूनच लावते. …हॅलो? हो, थांबते. घे, गाणं लावलं.

मार्लीन : तुला एक सांगू, रॉय? रागावू नकोस. त्या दिवशी मी म्हटलं ना, फक्त चष्म्यासाठी, तेव्हा तुझा चेहरा कसा मोकळा झाला. तेव्हा मला दिसत होतं. बाहेर चौघं ताटकळत होती, तुझा एक हात दाराच्या मुठीवर होता. मला वाटलं, चला, आपण पोराला मदतच केली.

डॉक्टर : कंपनी मला एका तपासणीचे देते त्यापेक्षा नळ दुरुस्त करणारा नुसता दारात यायचे जास्त घेतो. पंधरा मिनिटांत एक पेशंट बाहेर काढला नाही तर मी ग्लेनिसचा पगार देऊ शकत नाही.

मार्लीन : मग सोड ती कंपनी.

डॉक्टर : तीन वर्षं म्हणतोय, सोडतो. तुमची शाळा, खाटीकखाना, धान्याची कोठारं, सगळे तिच्याकडे. मी सोडली की दुसऱ्या दिवशी सगळं गाव महामार्गावरच्या दुकानात.

मार्लीन : ते कुणाचं आहे?

डॉक्टर : कंपनीचंच. फ्रेमा तिच्या, काचांचा कारखाना तिचा, दुकान तिचं. बाबांचं यंत्र मागे आहे, चालू आहे अजून. पण मी इथे काच घासली तर ती त्याचे देत नाही.

ग्लेनिस : मी त्यावर कोलाचचा, त्या गोड पावांचा, डबा ठेवते. सपाट आहे, बरं पडतं.

मार्लीन : त्या कंपनीचा कुणी माणूस कधी गावात आला होता का? मला आठवत नाही. गावात परकी गाडी शिरली की मला कळतं.

डॉक्टर : कुणी येत नाही. फ्रेमा येतात.

ग्लेनिस : …हो, बोलते. डॉक्टर टेसारांकडून. पडदा सुटलाय, उजवा, मधल्या भागासकट. …आजच. …बरं. …नाही, हा चष्म्याचा विमा नाही, आजारपणाचा. …कुबिचेक. मार्लीन. …ते विचारतात, काही खाल्लंयस का आज?

मार्लीन : उपवास आहे. सकाळी पाणी प्यायले, तेवढंच.

ग्लेनिस : काही खाल्लेलं नाही. …हो. साडेचार. पोचतो. …मार्लीन, ते म्हणतात आता काही खाऊ नकोस, कदाचित आजच करतील.

मार्लीन : बघ, उपवास वाया जात नाही.

डॉक्टर : मी तुम्हाला नीट सांगतो, काय झालंय ते.

मार्लीन : जानेवारीत बोलले असते तर काय झालं असतं, ते आधी सांग.

डॉक्टर : त्याचा आता काय उपयोग?

मार्लीन : मला हवंय.

डॉक्टर : त्या चमका म्हणजे पडद्याला चीर पडत होती. त्या दिवशी थेंब घालून मला ती दिसली असती, बहुतेक. ओमाहाला लेझरने तिच्याभोवती टाके घातल्यासारखं करतात. खुर्चीत बसूनच, पंधरा-वीस मिनिटांत. भूलही देत नाहीत.

मार्लीन : आणि दुसऱ्या दिवशी बस?

डॉक्टर : एक-दोन दिवसांनी.

मार्लीन : आणि आता?

डॉक्टर : आता शस्त्रक्रिया. पडदा परत बसवतील. बहुधा बसेल. पण मधला भाग, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तो सुटून काही दिवस झालेत. तो पहिल्यासारखा होईल, असं मला म्हणता येत नाही.

मार्लीन : डावा चांगला आहे ना.

डॉक्टर : डावा चांगला आहे. त्याने वाचाल, स्वयंपाक कराल. स्वतःची गाडीही पुढेमागे चालवाल.

मार्लीन : आणि बस?

डॉक्टर : आधी शस्त्रक्रिया होऊ दे.

मार्लीन : रॉय. बस.

डॉक्टर : बसच्या परवान्याला दोन्ही डोळे लागतात, मिसेस कुबिचेक.

मार्लीन : हं.

ग्लेनिस : काहीतरी मार्ग निघेल, मार्लीन. शाळेच्या ऑफिसात एखादं काम—

मार्लीन : काल मी नोवाकांची रस्त्याकडेची टपालपेटी पाडली. वळताना. पेटी खाली होती, मला दिसलीच नाही. आवाज झाला तेव्हा कळलं. बसमध्ये एकवीस पोरं होती. पोरं हसली. मीही हसले. रात्री झोप लागली नाही. म्हणून आले मी आज, काचेसाठी नाही आले. मनात म्हटलं, काचच असू दे.

डॉक्टर : तुमची बस बाहेर उभी आहे?

मार्लीन : पतपेढीच्या कडेला. रिकामी आहे.

डॉक्टर : किल्ली माझ्याकडे द्या.

मार्लीन : किल्ली माझ्याजवळ राहू दे. मी काही चालवत नाही. नुसती राहू दे.

डॉक्टर : द्या मला. मी शाळेला फोन करतो, ते माणूस पाठवतील.

मार्लीन : …घे. दुसरा गियर अडतो, त्यावर जोर करू नको म्हणावं. आणि जो कोणी येईल त्याला सांग, शेवटच्या थांब्यावर लहान लुकास चढतो, सॉरी, उतरतो, तो झोपलेला असतो. मागच्या बाकांखाली वाकून बघितल्याशिवाय दार लावायचं नाही.

डॉक्टर : सांगतो.

मार्लीन : वाकून. नुसतं आरशात बघून नाही.

डॉक्टर : हो.

मार्लीन : एल्डनचं इन्सुलिन माझ्या विम्यावर आहे, ग्लेनिस. बस गेली की विमा गेला ना?

ग्लेनिस : लगेच नाही जात. महिनाअखेरपर्यंत असतो.

मार्लीन : दोन्ही जातात? चष्म्याचाही?

ग्लेनिस : दोन्ही.

मार्लीन : मग आता खरं बोलायला काही हरकत नाही.

डॉक्टर : ग्लेनिस, तुमच्या गाडीने यांना घेऊन जा. धक्के बसू देऊ नका. मान मागे टेकवून बसा, मिसेस कुबिचेक, वाकू नका. इथलं मी बघतो.

ग्लेनिस : बाहेर तिघं बसलेत. टेबलाशी कोण बसणार?

डॉक्टर : कुणी नाही. मी स्वतः विचारीन त्यांना.

ग्लेनिस : विचारा. आणि सांगितलं कुणी काही, तर बिल कोण देणार त्यांच्या हातात? चल मार्लीन. हात धर माझा.

मार्लीन : हात कशाला, पाय शाबूत आहेत माझे. …उंबऱ्यापाशी धर. उंबरा दिसत नाही.

(ग्लेनिसची गाडी. ओमाहाचा रस्ता, साडेतीनच्या सुमारास.)

मार्लीन : ब्रेक असा दचकून लावू नकोस. आधी पाय उचल, मग हळू दाब. तुला गाडी कुणी शिकवली?

ग्लेनिस : तुझ्याच भावाने.

मार्लीन : तरीच.

ग्लेनिस : मान मागे ठेव. बोलू नकोस.

मार्लीन : बोलल्याने पडदा सुटतो असं काही म्हणाला नाही तो. सुटतो न बोलल्याने. …चुकून गेलं तोंडातून. तू रडतेयस का?

ग्लेनिस : नाही.

मार्लीन : रडू नकोस. आपल्या दोघींत धड बघणारी सध्या तू एकटी आहेस.

ग्लेनिस : मी तुझं चांगलं बघत होते, मार्लीन. गेल्या वर्षी ते बिल आलं तेव्हा तू एल्डनला दाखवलं नव्हतंस. माझ्या स्वयंपाकघरात बसून हळूहळू भरलंस. मला वाटलं, पुन्हा ती वेळ नको यायला तुझ्यावर.

मार्लीन : माहीत आहे मला.

ग्लेनिस : इतक्या जणांना सांगितलं मी ते. आता एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय. कुणाला खरंच काही होत होतं, कुणाला नव्हतं, मला कसं कळणार?

मार्लीन : तुला कळायचं कामच नव्हतं ते. थांबलीस का?

ग्लेनिस : पुढे बस आहे. लाल दिवे लागलेत, पोरं उतरतायत.

मार्लीन : माझी?

ग्लेनिस : तुझीच. कुणीतरी तरुण पोरगा चालवतोय.

मार्लीन : डाव्या डोळ्यालाही तो थेंब घातलाय मेल्याने, सगळं पांढरं दिसतंय. कोण उतरतंय?

ग्लेनिस : एक मुलगा. हिरवी टोपी.

मार्लीन : तो वेस्ली. उतरला की चार पावलं जातो, मग मागे वळून हात करतो. रोज. केला का?

ग्लेनिस : थांब. …वळला. केला.

मार्लीन : आणि त्या पोरग्याने?

ग्लेनिस : काय?

मार्लीन : चालवणाऱ्याने. परत हात केला का त्याला?

ग्लेनिस : काचेवर ऊन आहे. मला दिसलं नाही.

मार्लीन : करायला हवा. नाहीतर वेस्ली उभाच राहतो.

ग्लेनिस : गेला तो घराकडे. बस निघाली.

मार्लीन : मग तूही नीघ. हळू. …ग्लेनिस, तिथे गेल्यावर विचारतील ना, कशासाठी आलात?

ग्लेनिस : विचारतील.

मार्लीन : काय सांगू?

ग्लेनिस : मला नको विचारूस.

मार्लीन : टोमणा नाही मारत. खरंच विचारतेय. आजवर तूच सांगत आलीस, मला सवय राहिली नाही.

ग्लेनिस : जे दिसतं ते सांग.

मार्लीन : मग फार वेळ लागायचा नाही.